थंड इंजिनाची टकटक

दुपारी सव्वाच्या सुमाराला चष्म्याची काच बदलून आणायला मी ग्रंथालयातून बाहेर पडले होते. चौकात रस्ता ओलांडायला थांबले आणि बाबांची गाडी माझ्या समोरून गेली. शेवाळी रंगाची, दोन दारांची, मागच्या डाव्या दिव्याची काच उजव्या काचेपेक्षा किंचित गडद. तशी काच मिळेना म्हणून बाबांनी दुसऱ्याच कुठल्या गाडीची घासून बसवली होती, त्यामुळे ओळखण्यात चूक होणं शक्य नव्हतं. गाडी गेली आणि आवाज आला नाही. टायरांची नुसती सळसळ झाली, पुस्तकाचं पान उलटताना होते तेवढी. सिग्नल सुटला, लोक मला वळसा घालून पुढे गेले, कोणीतरी "ओ बाई, चला की" म्हणालं. कोणीतरी तिचं इंजिन काढून बॅटरीवरची मोटर घातली असणार, हे मला नंतर सुचलं, पलीकडच्या फुटपाथवर पोहोचल्यावर. त्याआधी, भर रस्त्यात, मनात आलं ते एवढंच. आवाज नाही, म्हणजे आत काहीतरी जळतंय. आणि त्याच्या मागोमाग, चष्म्याच्या दुकानाच्या दारात, काचेवर हात ठेवलेला असतानाच, मी बाबांना त्या रविवारी काय सांगितलं होतं ते आठवलं. बाबांना जाऊन चौदा महिने झाले होते. चौदा महिने ते वाक्य माझ्याजवळ होतं आणि मला ते प्रेमाचं वाक्य वाटत होतं.

इंजिनात झडपा असतात. झडप दाबून उघडणारा लोखंडी हात आणि झडपेचं टोक यांच्यात केसाएवढी फट ठेवावी लागते. इंजिन तापलं की लोखंड फुगतं आणि फट जवळजवळ भरून निघते. पण थंड असताना ती वाजते, शिवणयंत्र चालावं तशी बारीक टकटक, दोनतीन मिनिटं. तिला बाबा टॅपेटचा आवाज म्हणत. नवखी माणसं त्या आवाजाला घाबरून गाडी घेऊन यायची आणि बाबा हसायचे. फट ठेवायचीच राहिली तर इंजिन अगदी शांत चालतं, ऐकणाऱ्याला बरं वाटतं, पण तापल्यावर झडप पुरती मिटत नाही, आणि मिटली नाही की कडेनं जळायला लागते. हे मी सहासात वर्षांची असताना शिकले होते. शेडमध्ये उलट्या बादलीवर बसून मी विचारलं होतं, "बाबा, ही वाजते, बिघडली का?" ते म्हणाले होते, "वाजतेय तोवर मी घरी जाऊन जेवतो. गप्प झाली तर जेवण राहिलं." मला ते इतकं विनोदी वाटलं होतं की पुढे कित्येक दिवस आईला मी तेच ऐकवत होते. इतकं पाठ असलेलं वाक्य माणूस नेमकं लागतं तेव्हा कसं विसरतो, हे मला सांगता येत नाही.

बाबांचा धंदा इंजिनं बदलायचा. साधी दुरुस्ती ते करायचे नाहीत असं नाही, पण त्यांचं नाव होतं ते जुन्या गाडीच्या नाकात दुसऱ्याच गाडीचं इंजिन बसवणारे म्हणून. हौशी लोक यायचे. वडिलांची गाडी जपून ठेवलेले, भंगारातून उचलून आणलेले, बायकोला न सांगता आलेले. बाबा त्यांना नावानं हाक मारत नसत, वकीलसाहेब, बेकरीवाले, दातवाले. जागा दीड हाताची आणि इंजिन दोन हातांचं, अशी गाठ असली की त्यांना उत्साह चढायचा. आधी ते पुठ्ठ्याचे नमुने कापायचे. इंजिनाला धरून ठेवणारे लोखंडी कान कुठे येतील, सायलेन्सरचा पाईप कुठून वळेल, सगळं बुटांच्या खोक्यांतून कापून, दोऱ्यानं बांधून बघायचे. बॉनेट लागेल की नाही हे बघायला इंजिनाच्या डोक्यावर माझ्या खेळातल्या चिकणमातीचे गोळे ठेवायचे आणि बॉनेट हलकेच मिटायचे. उघडल्यावर गोळा किती चेपला ते बोटानं मोजायचे. माझ्या लाल आणि निळ्या मातीला कायम ऑइलचा वास यायचा. शाळेत बाईंनी विचारलं होतं, घरी कोणी खेळतं का याच्याशी? मी म्हटलं होतं, वडील.

ही शेवाळी गाडी मात्र त्यांची स्वतःची. मूळ इंजिन आजारी माणसासारखं धापा टाकायचं म्हणून त्यांनी माल वाहायच्या एका गाडीचं मोठं इंजिन तिच्यात घातलं, आणि मग मोठ्या इंजिनाला पुरतील असे ब्रेक, मग ब्रेकना पुरतील अशी चाकं, असं करत तीन वर्षं गेली. रविवारची दुपार तिची असायची. आई तिला सवत म्हणायची. "जा, सवत वाट बघत असेल," आणि डबा असा आपटायची की झाकण उडून पडावं. बाबा म्हणायचे, "तिला भूक लागत नाही, तेवढी ती बरी." आई म्हणायची, "पेट्रोल काय तिचा बाप पितो?" मग दोघंही हसायची, आणि आपल्याला वगळून हसत आहेत असं मला वाटायचं. पुढे मी पुस्तकांत शिरले ती शिरलेच. हातांचा ऑइलचा वास धुऊन काढला, ग्रंथपाल झाले, आणि कोणी विचारलं तर वडील गाड्यांचं काम करतात एवढंच सांगत राहिले. मला त्यांची लाज वाटत नव्हती. ज्याला खरंच लाज वाटत नाही त्याला हे वाक्य लिहावं लागत नाही, हेही मला कळतं.

त्यांच्या आजाराचं निदान झालं तेव्हा मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन पंधरा दिवस सांगितले. शेडच्या मालकानं जागा रिकामी करायला महिना दिला होता, तेही बाबांना आम्ही कळू दिलं नव्हतं. मी दिवसांचा हिशेब केला. दातवाले डॉक्टर, बाबांचे जुने गिऱ्हाईक, कित्येक वर्षांपासून गाडी मागत होते आणि बाबा त्यांना दर वेळी "माझ्यानंतर बघा" म्हणून परतवत होते. मी त्यांना फोन केला. "नंतर" आताच सुरू झालंय असं काही मी म्हणाले नाही. म्हटलं, शेड रिकामी करायचीय, जागा नाही. ते खरंही होतं. आईला विचारलं तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून चादरीची घडी घालत होती. म्हणाली, "विक. मला तिचं तोंड बघवत नाही." मग थोड्या वेळानं, "त्यांना सांगशील?" मी म्हटलं, "सांगू कशाला? पंधरा दिवसांचा प्रश्न आहे." हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं आणि आईनं ते ऐकलं. आम्ही दोघींनी नंतर त्याचा उल्लेख कधी केला नाही. गाडी मंगळवारी गेली. बाबा अकरा आठवडे जगले.

पहिल्याच रविवारी त्यांनी मला जवळ बोलावलं. उभ्या गाडीचं इंजिन आठवड्यातून एकदा तरी सुरू करायला हवं, नाहीतर आत गंज धरतो, हे मला माहीत होतं. त्यांनी ते पहिल्यांदाच सांगितल्यासारखं सांगितलं. किल्ली उशाखाली नाही, शेडमधल्या खिळ्याला आहे. चोक अर्धा. अॅक्सिलरेटर दोनदा दाबायचा, तिसऱ्यांदा नाही. मी हो म्हणत गेले. मग घराबाहेर पडून पाऊण तास चालले, कोपऱ्यावरच्या बागेत बाकावर बसले, आणि परत येऊन सांगितलं, "केली सुरू." त्यांनी सविस्तर विचारलं. किती फिरवावी लागली, धूर कसला, ऑइलचा काटा कुठे आला, टॅपेट वाजतात का. मी लहानपणाच्या शिल्लकीतून उत्तरं देत गेले. "वाजतात बाबा, दोनतीन मिनिटं, मग गेला आवाज." ते डोळे मिटून ऐकायचे. हळूहळू मला ते जमायला लागलं. बाकावर बसून मी पुढच्या उत्तरांची तयारी करायचे. आज धूर जरा निळसर सांगू का? नको, काळजी करतील. एखादी कादंबरी हप्त्याहप्त्यानं लिहावी तसं चाललं होतं, आणि हे कबूल करायला हवं की त्यात मला रस वाटायला लागला होता. आठवड्यातला तेवढाच पाऊण तास मी घराबाहेर असायचे. आणि सहाव्या की सातव्या रविवारी, बाकावर, समोर एक म्हातारा कुत्र्याला फिरवत असताना, माझ्या मनात अगदी स्वच्छ आलं की हे आता संपायला हवं. गाडीचं नव्हे. मी उठले आणि घरी जाऊन त्यांचे पाय चेपून दिले.

नववा रविवार. आदल्या आठवड्यात त्यांचं खाणं जवळजवळ थांबलं होतं. ओठ सुकलेले, कापसानं ओले करायचे. मी बागेत गेले नाही, नुसती जिन्यात बसून आले. त्यांनी विचारलं, "कशी चालतेय?" आणि मला त्यांना काहीतरी द्यावंसं वाटलं. दर वेळी तेच ते सांगण्यापेक्षा काहीतरी चांगलं, वाढीव. मी म्हटलं, "बाबा, आज तर काय सांगू. अगदी लोण्यासारखी. आवाजच नाही."

त्यांनी डोळे उघडले. "थंड असताना?"

"हो. सुरू केल्या केल्या."

"टॅपेट वाजले नाहीत?"

"एकसुद्धा नाही. ऐकलंच तर पंख्याचा वारा ऐकू येईल, बस्स."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग भिंतीकडे. पांघरुणावर त्यांचा अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत होतं, पातळ काहीतरी चाचपावं तसं. मला वाटलं, त्यांना बरं वाटलंय. मी वाकून त्यांच्या कपाळावर हात ठेवला. ते म्हणाले, "पाणी दे." पुढच्या रविवारी त्यांनी गाडीचं विचारलं नाही, त्याच्या पुढच्याही रविवारी नाही. मला वाटलं, आता शुद्ध कमी झाली असेल, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. बुधवारी सकाळी आई त्यांचं तोंड पुसत असताना ते गेले.

चष्म्याच्या दुकानातून मी तशीच परत आले. आता दोनच शक्यता होत्या. एक, ते ऐकून बाबांना कळलं की ही खोटं बोलतेय, गाडी सुरू झालेलीच नाही, बहुतेक गाडी नाहीच. दोन, त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, आणि शेवटचे अडीच आठवडे त्या पलंगावर पडून, आपल्या हातानं शेवटच्या लावलेल्या आठ फटी चुकल्या, इंजिन जळतंय आणि आपण उठू शकत नाही, असं समजत राहिले. पहिली शक्यता मला हवीहवीशी वाटू लागली. मुलगी खोटारडी निघाली तर बापाला दुःख होईल, पण हात खोटे निघाले तर बाबांचं काय उरलं असतं? मी स्वतःशी असा युक्तिवाद केला की स्वतः लावलेली फट बरोबर असेल तर त्यांना स्वतःच्या हाताची खात्री असणार, आणि मग संशय माझ्यावरच येणार. म्हणजे फट मोजली तर कळेल. यात तर्काचं भोक कुठे आहे ते मला दिसत होतं. तरी मी दातवाल्यांना फोन केला. इंजिन त्यांच्या घरी, गॅरेजमध्येच ठेवलेलं होतं. "काकांची आठवण म्हणून," ते म्हणाले. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आता काय बघायचंय त्यात? मेल्यावर तरी त्या बाईला सोड." मी म्हटलं, "एक मोजायचं राहिलंय." कपाटातून बाबांच्या पात्यांची जुडी घेतली. चाकूसारखी मिटणारी, वेगवेगळ्या जाडीच्या पातळ पोलादी पट्ट्यांची जुडी, फटीत सरकवून मोजायची.

शनिवारी सकाळी दातवाल्यांनी स्वतः फाटक उघडलं. गोल, हसरे, बोलताना समोरच्याच्या दातांकडे बघण्याची सवय असलेले. शेवाळी गाडी अंगणात चार्ज होत उभी होती, पोटात वायर घेऊन. मी तिच्याकडे फारसं पाहिलं नाही. "रागावलात ना?" ते म्हणाले. "काय करणार, रोज वापरायची म्हटलं तर पेट्रोलवाली परवडेना, शिवाय आवाजावरून शेजाऱ्यांची कुरकुर. पण इंजिनाला मी कोणाला हात लावू दिला नाही हं. काढलं तसंच ठेवलंय. काकांनी लावलेलं आहे ते."

"कधी काढलंत?"

"घेतल्यावर लगेचच. महिनाभरात. काका होते तेव्हा." मग जरा थांबून, मान वाकडी करून, "तेवढं एक मनाला लागून राहिलंय माझ्या. त्यांचा फोन आला होता."

मी विचारलं, कोणाचा.

"काकांचा. सोमवारची सकाळ, मी नुकता दवाखाना उघडला होता. आवाज इतका बारीक, मला आधी ओळखूच येईना. म्हणाले, गाडी तुमच्याकडे आहे ना. मी म्हटलं हो. मला वाटलं, तुम्ही त्यांना सांगितलंच असणार. मग विचारलं, थंड असताना टॅपेट वाजतात का?"

गॅरेजचं दार त्यांनी वर सरकवलं होतं. आत चादरीखाली ते इंजिन लाकडी ठोकळ्यांवर उभं होतं, कोणीतरी पाय पोटाशी घेऊन बसावं तसं.

"आता काय सांगू? इंजिन इथे, गाडी मोटरवर. मरणाऱ्या माणसाला कसं सांगायचं? म्हटलं, त्यांना बरं वाटेल असं काहीतरी बोलावं." दातवाले हसले, ओशाळून. "म्हटलं, काका, काय सांगू, मख्खन. आवाजच नाही."

"मग?"

"काही नाही. एवढंच म्हणाले, एकदा उघडून बघा. चूक माझीच असेल."

मी काय म्हणाले मला आठवत नाही. बहुधा "बरं" म्हणाले असेन. दातवाले पुढे बोलत होते, मी कशाला उघडतोय, मी म्हटलं काका निश्चिंत राहा, आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. किती सभ्य, किती कनवाळू माणूस. दोन शक्यता धरून मी तिथवर आले होते आणि त्या दोन नव्हत्याच, एकच होती. दोन्ही गोष्टी त्यांना एकदमच कळल्या होत्या. मी गाडी विकलीय हे त्यांनी ओळखलं होतं, रविवारी रात्रभर बहुधा त्याचीच जुळवाजुळव करत पडले असतील. आणि माझं सोडून द्यावं, पोरगी काहीबाही सांगतेय असं म्हणून खऱ्या साक्षीदाराला विचारावं, म्हणून त्यांनी फोन उचलला असेल. साक्षीदारानंही तेच सांगितलं. जवळजवळ त्याच शब्दांत. ज्याला इंजिन माहीत नाही असा कुठलाही भला माणूस तेच सांगेल. मी तर माहीत असूनही सांगितलं होतं. त्यानंतर सोळा दिवस ते आमच्यात होते. मी त्यांना भरवलं, कूस बदलून दिली, गोष्टी वाचून दाखवल्या. गाडीबद्दल त्यांनी मला एका शब्दानं विचारलं नाही, विकलीस का म्हणूनही नाही.

"मोजायचं म्हणत होतात ना?" दातवाले म्हणाले. आता मोजण्यात काही अर्थ उरला नव्हता. मी चादर काढली. वरच्या पत्र्याच्या कव्हरचे दोन नट सोडवून ते बाजूला ठेवलं. आत ऑइल जुनं झालं होतं, पण कोरडं नव्हतं. आठ लोखंडी हात एका ओळीत, पेटीच्या पट्ट्यांसारखे. "मी काही करू का?" त्यांनी बाह्या सरसावल्या. मी त्यांना समोर उभं केलं. आठ झडपांना एकापासून आठपर्यंत आकडे धरायचे. जी पूर्ण दाबलेली असेल तिचा आकडा नवातून वजा करायचा, आणि जी उरेल तिची फट मोजायची, कारण त्या वेळी ती पुरती मोकळी असते. लहानपणी बादलीवर उभी राहून आकडा मी सांगायचे. मला बेरीज-वजाबाकी शाळेआधी आली ती अशी. खालच्या पुलीच्या नटाला मी लांब पाना लावला आणि दोन्ही हातांनी ओढला. इंजिन हटून बसलं होतं. मग कण्हल्यासारखा आवाज करून हळूहळू फिरलं.

"एक," दातवाले म्हणाले.

मी आठवीच्या फटीत पाती घातली. ती सैल गेली नाही, अडकलीही नाही. बोटांना किंचित ओढ लागली, ओल्या कागदामधून कागद काढताना लागते तशी. मी पुन्हा पाना ओढला.

"तीन."

सहावी. तीच ओढ. "चार," आणि पाचवी. त्यांना आता खेळ कळला होता, माझ्याआधी उत्तर सांगायला लागले, "दोन, म्हणजे सात!" पाना, हात, पाती. माझ्या तळव्याला फोड आला होता आणि तो फुटला. आठही मोजल्या. मग पहिल्यापासून पुन्हा एकदा मोजल्या, कारण बाबा नेहमी दोनदा मोजायचे. एकही केसभर इकडेतिकडे नव्हती.

"काय म्हणतंय?" त्यांनी विचारलं.

"बरोबर आहे."

"सगळं?"

"सगळं."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "वाटलंच मला. काकांचा हात चुकेल होय?" मग फडक्यानं बोटं पुसता पुसता थांबले. कपाळाला आठी पडली. "पण मग ते तसं का म्हणाले? चूक माझीच असेल म्हणून?"

मी पात्या एकेक करून पुसत होते. "त्यांना कोणीतरी चुकीचं सांगितलं होतं," मी म्हटलं.

"अरेरे. कोणी?"

मी कव्हर उचललं, जागेवर बसवलं, आणि पहिला नट बोटांनीच फिरवायला घेतला.